वडिलांनी सांगितलेला देश

फ्रान्समध्ये काळ्या माणसालाही माणूस मानतात, असं विल्यम बुलार्ड आपल्या पोरांना सांगत. जॉर्जियातल्या कोलंबस गावचे हे मजूर. गोऱ्यांचा जमाव त्यांचा जीव घ्यायला एका रात्री दाराशी येऊन गेलेला. १८९५ साली जन्मलेल्या यूजीनने वडिलांची गोष्ट खरी धरली आणि कोवळ्या वयातच घर सोडलं. १९१२ मध्ये जर्मन जहाजात लपून तो स्कॉटलंडला उतरला, मुष्टियुद्ध खेळत पॅरिसला पोचला.

माझी आजी साताऱ्याकडची. तिचे वडील लामावर, म्हणजे लढाईवर, जाऊन आलेले. त्यांनी पाहिलेल्या मुलखाच्या गोष्टी आजी आम्हाला सांगायची, स्वतः कधी जिल्ह्याबाहेर न जाता. त्यामुळे विल्यम बुलार्ड मला परके वाटत नाहीत. दूरच्या मुलखाचं वर्णन करताना वडीलधारी माणसं इथे न मिळालेलं सगळं त्यात घालतात.

१९१४ मध्ये यूजीन फ्रान्सच्या फॉरेन लीजनमध्ये भरती झाला. व्हर्दूंच्या लढाईत मांडीला जबर जखम झाली आणि पायदळ सुटलं. काळा माणूस वैमानिक होणार नाही, यावर एका मित्राने २००० डॉलरची पैज लावली. ती यूजीनने जिंकली! मे १९१७ मध्ये परवाना हाती आला आणि तो पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन लढाऊ वैमानिक ठरला. जिमी नावाचं माकड घेऊन तो उडे. रक्त सगळ्यांचं लालच वाहतं, हे त्याचं ब्रीद होतं.

अमेरिका युद्धात उतरली तेव्हा फ्रेंच दलांतल्या अमेरिकन वैमानिकांना तिने आपल्याकडे घेतलं. यूजीननेही अर्ज केला, वैद्यकीय तपासणी दिली. बोलावणं आलंच नाही. पुढे एका फ्रेंच अधिकाऱ्याशी वाद झाला आणि विमानही सुटलं. इथे माझा जीव तुटतो, कारण वडिलांचा फ्रान्सही गोष्टीतल्याइतका पुरता निघाला नाही. तरी १९४० मध्ये जर्मन फौजा आल्या तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा हा माणूस पुन्हा त्याच देशासाठी बंदूक घेऊन उभा राहिला आणि पुन्हा जखमी झाला. त्याची ही निष्ठा फ्रान्सइतकीच वडिलांच्या शब्दावर होती, असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकेला परतल्यावर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये त्याने लिफ्ट चालवली. १९५९ मध्ये फ्रान्सने त्याला ‘लीजन ऑफ ऑनर’ दिला. १९६१ मध्ये तो वारला. अमेरिकी हवाई दलाने त्याला सेकंड लेफ्टनंट केलं ते १९९४ मध्ये, अर्ज केल्यानंतर ७७ वर्षांनी.