तौलनिक साहित्य : पदवीच्या विद्यार्थ्याने काय अभ्यासावे?

दोन किंवा अधिक भाषांतील साहित्य शेजारी ठेवून वाचणे म्हणजे तौलनिक साहित्याभ्यास. कोणती कलाकृती श्रेष्ठ, हे ठरवणे हा त्याचा हेतू नसतो. एखादा विषय किंवा काव्यप्रकार एका भाषेतून दुसरीत जाताना काय बदलते आणि का, हे त्यात शोधले जाते.

स्वतंत्र विषय

कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात बुद्धदेव बसू यांच्या पुढाकाराने १९५६ मध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. तेथे पदवीपासून हा विषय शिकता येतो. हैदराबाद विद्यापीठातही त्याचे केंद्र आहे. मराठीत वसंत बापट यांचा ‘तौलनिक साहित्याभ्यास’ हा ग्रंथ परिचित आहे.

नांदेड-लातूरमधील साहित्यसामग्री

या दोन जिल्ह्यांत मराठीसोबत उर्दू आणि दखनी बोलली जाते. सीमेपलीकडे तेलुगू आणि कन्नड आहे. नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये गुरू ग्रंथ साहिबला गुरुपद दिले. त्या ग्रंथात संत नामदेवांची ६१ पदे आहेत. ही पदे आणि नामदेवांचे मराठी अभंग एकत्र वाचले, की भाषा आणि श्रोते बदलल्यावर काव्य कसे बदलते, हा प्रश्न समोर येतो.

दुसरे उदाहरण लातूरचे. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे माजी प्राचार्य आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख मराठीत ग्रंथरूपाने करून दिली. दलित साहित्याशी त्याची तुलना करताना वेदनेतील साम्य लगेच दिसते. पण जात आणि वंश एकच नव्हेत.

साम्य आणि प्रभाव

केवळ साम्यावरून प्रभाव सिद्ध होत नाही, त्यासाठी पुरावा लागतो. १९७२ मधील ‘दलित पँथर’ने आपले नाव अमेरिकेच्या ‘ब्लॅक पँथर’वरून घेतले, हा असा पुरावा आहे.

सुरुवात कशी करावी?

- बी.ए.ला शक्य असल्यास मराठीबरोबर हिंदी, उर्दू किंवा इंग्रजी साहित्य निवडावे.
- निदान दोन भाषांतील साहित्य मुळातून वाचावे. अनुवाद मुळाशी ताडून पाहावा.
- प्रकल्पासाठी दोनच कलाकृती आणि एकच प्रश्न घ्यावा.

यूजीसी-नेट परीक्षेत ‘तौलनिक साहित्य’ हा स्वतंत्र विषय आहे. अध्यापनाखेरीज अनुवाद आणि प्रकाशन या क्षेत्रांतही हा अभ्यास उपयोगी पडतो. घरी एक आणि बाजारात दुसरी भाषा बोलणाऱ्या विद्यार्थ्याकडे त्याची निम्मी तयारी आधीच असते.