चारचौघांत वाचायची पोथी

जमातीने, म्हणजे खांद्याला खांदा लावून पढलेल्या नमाजाचे पुण्य एकट्याच्या नमाजापेक्षा सत्तावीस पट, असे आम्हाला लहानपणी शिकवले जाई. त्यामुळे ख्रिस्ती प्रार्थना प्रथम वाचली तेव्हा तिच्यातले अनेकवचन मला लगेच जाणवले. येशूने शिष्यांना शिकवलेल्या त्या छोट्या प्रार्थनेत ‘मी’ नाही, ‘माझे’ नाही. बाप आमचा, भाकर आमची, अपराधसुद्धा आमचेच. दार लावून एकट्याने म्हटली तरी ती सगळ्यांच्या वतीने म्हणावी लागते.

पण एकत्र प्रार्थना करायची तर शब्द आपल्या तोंडचे हवेत. सोळाव्या शतकात गोव्यात नेमकी इथेच अडचण झाली. पोर्तुगीज अमलात साष्टीची गावे ख्रिस्ती झाली. खुशीने किती आणि धाकाने किती, हा वाद मोठा आहे. धाक होता एवढे नाकारता येत नाही. देवळे गेली, पोथ्या गेल्या. चर्चमधली मिस्सा लॅटिनमध्ये. माणसे एका छपराखाली गुडघे टेकत, पण कानावर पडणारे शब्द परके.

फादर स्टीफन्स हे मूळचे इंग्रज जेझुइट. १५७९ साली ते गोव्यात आले आणि १६१९ मध्ये तिथेच वारले. मराठीची थोरवी गाणारी त्यांची ओवी अनेकांनी शाळेत पाठ केली असेल. मला मात्र त्यांच्या ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभीचा एक प्रसंग जास्त मोलाचा वाटतो. एक नवख्रिस्ती ब्राह्मण फादरांना विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? पाहा, या माणसाला नवा धर्म शिकवून झाला होता. त्याला उणीव भासत होती ती चारचौघांत बसून ऐकायच्या पोथीची! जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे पुराण हे त्याला मिळालेले उत्तर. ते १६१६ मध्ये राशोलला रोमन लिपीत छापले गेले, पुढे आणखी दोनदा छापले आणि रविवारी, सणावारी लोकांना जमवून वाचले जाऊ लागले.

१६८४ मध्ये विजरईने हुकूम काढला, की तीन वर्षांत लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. स्टीफन्सच्या त्या छापील प्रतींपैकी आज एकही उपलब्ध नाही. टिकल्या त्या हाताने उतरवलेल्या प्रती, आणि त्याही मुख्यतः कानडा किनाऱ्यावर गेलेल्या कुटुंबांच्या घरी. उतरवून कोण घेतो? ज्याला ती पुढच्या रविवारी मोठ्याने वाचायची असते तो.

१७८४ साली टिपू सुलतानाने याच किनाऱ्यावरच्या हजारो ख्रिस्ती माणसांना बंदी करून श्रीरंगपट्टणला नेले. १७९९ मध्ये टिपू पडेपर्यंत ते कैदेत होते. पाद्री हद्दपार झालेले. त्या पंधरा वर्षांत पुराणाच्या ओव्यांनी आम्हाला धरून ठेवले, असे तो समाज सांगत आला आहे. मुसलमान म्हणून हे सांगायला मला संकोच वाटत नाही. टिपूची इंग्रजांशी झुंज मोठी होती, आणि हा बंदिवासही खरा होता.

१९०७ मध्ये मंगळूरला सालढाणा यांनी हस्तलिखिते जमवून ग्रंथ पुन्हा छापला. तोही रोमन लिपीतच. छापील नागरी प्रत यायला १९५६ साल उजाडले. पुण्याच्या शांताराम बंडेलू यांचे ते काम.

आमच्या नगरकडे हाच प्रश्न वेगळ्या रूपाने आला. मिशनच्या उपासनेत इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीते असत. खेड्यातल्या माणसाची जीभ तिथे अडखळे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड टिळकांनी अभंग आणि भजने रचली, स्वतः उभे राहून ख्रिस्ती कीर्तने केली. ज्यांना अक्षरओळख नव्हती, तेही ध्रुपद उचलू लागले. ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहात टिळकांची गीते आहेत आणि रविवारच्या उपासनेत ती म्हटली जातात.