व्यक्तिशिल्पातील यंत्र आणि नजर : मुखसाच्यापासून त्रिमितीय स्कॅनिंगपर्यंत

व्यक्तिशिल्पाच्या क्षेत्रात त्रिमितीय स्कॅनिंग व त्रिमितीय छपाई यांचा वापर सुरू झाल्यापासून दोन टोकांची मते ऐकावयास मिळतात. एक असे की, आता शिल्पकाराची गरज उरली नाही. दुसरे असे की, यंत्राने उतरविलेल्या पुतळ्यास शिल्प म्हणूच नये. दोन्ही मतांमागे एक समान गृहीत आहे, ते म्हणजे यंत्राच्या साह्याने चेहरा उतरविणे ही काल-परवाची गोष्ट होय. इतिहासाची साक्ष वेगळी आहे. प्रस्तुत निबंधात या परंपरेचा मागोवा चेहऱ्याच्या एकाच अवयवाच्या, म्हणजे डोळ्याच्या आधारे घेतला आहे. कारण यंत्र आणि हात यांची सीमारेषा वारंवार तेथेच येऊन ठेपलेली दिसते.

ऑक्टोबर १७८५ मध्ये फ्रेंच शिल्पकार झाँ-आंत्वान उदाँ व्हर्जिनियातील माउंट व्हर्नन येथे जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घरी आले. त्यांनी वॉशिंग्टन यांच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा घेतला आणि मातीत अर्धपुतळाही घडविला. साच्यातून नाकाची ठेवण, गालफडे, हनुवटी हे सारे मिळते. नजर मिळत नाही. ती उदाँ कोरून आणीत. संगमरवरात बुबुळाची जागा खोल कोरावयाची आणि तेथे दगडाचा एक लहानसा अंश शिल्लक ठेवावयाचा, म्हणजे खोलगटीत सावली साचते व त्या अंशावर प्रकाश चमकतो, अशी त्यांची पद्धत होती. खऱ्या डोळ्यात असा खड्डा नसतो. डोळ्याचा पृष्ठभाग गुळगुळीत व गोलसर असतो. बाहुलीचा काळेपणा आकारातून येत नाही. याचा अर्थ असा की, आकाराशी तंतोतंत प्रामाणिक राहिलेला एकरंगी पुतळा आंधळा दिसतो, आणि शिल्पकाराने आकाराबाबत थोडे असत्य सांगितले तरच तो पाहू लागतो.

क्लार्क मिल्स यांनी फेब्रुवारी १८६५ मध्ये घेतलेला अब्राहम लिंकन यांचा मुखसाचा याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवितो. हत्येच्या दोन महिने आधी, जिवंत माणसाच्या चेहऱ्यावरून तो घेतलेला होता. तरीही त्या मिटलेल्या डोळ्यांमुळे ऑगस्टस सेंट-गॉडेन्स यांच्यासारख्या शिल्पकारालाही तो प्रथमदर्शनी मृत्यूनंतरचा वाटला.

आजच्या स्कॅनिंगचा खरा पूर्वज मात्र साचा नसून फ्रान्स्वा विलेम यांचे 'छायाचित्रशिल्प' होय. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये विलेम यांनी वर्तुळाकार दालनाचा स्टुडिओ चालविला. दालनाच्या मध्यभागी व्यक्तीस बसवून भोवतालच्या २४ कॅमेऱ्यांनी एकाच वेळी छायाचित्रे घेतली जात, म्हणजे दर १५ अंशांवर एक. पुढे प्रत्येक छायाचित्र पडद्यावर मोठे करून दाखवीत. पँटोग्राफचे एक टोक त्यातील बाह्यरेषेवरून फिरे आणि दुसरे टोक तीच रेषा मातीच्या गोळ्यात कापी. मग गोळा १५ अंशांनी फिरवावयाचा व पुढचे छायाचित्र घ्यावयाचे. स्पर्शाविना, उघड्या डोळ्यांच्या माणसाचे मोजमाप! परंतु बाह्यरेषेला खोलगट भाग दिसत नाही. नाकाचा बाक तिच्यात सापडतो, पण नाक आणि कानशील यांच्यामधली डोळ्याची खोबण किंवा कानाची आतील वळणे सापडत नाहीत. ती कामे अखेर स्टुडिओतील कारागिरांनाच हाताने पुरी करावी लागत. त्या कारागिरांची आठवण तंत्रज्ञानाचा इतिहास क्वचितच ठेवतो.

२०१४ मध्ये बराक ओबामा यांचे त्रिमितीय व्यक्तिशिल्प तयार करताना स्मिथसोनियन संस्थेने लिंकन यांच्या मुखसाच्यांचीच परंपरा डोळ्यांसमोर ठेवली होती. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील चमूने ५० एलईडी दिवे, ८ उच्च क्षमतेचे कॅमेरे आणि ६ विस्तृत कोनाचे कॅमेरे यांच्या साह्याने चेहरा टिपला. खांदे व मानेचा भाग हातात धरावयाच्या स्कॅनरने घेतला. संगणकावर या माहितीची जुळणी झाल्यावर छपाई झाली. विलेम यांची खोबणीची अडचण येथे सुटली, कारण ही पद्धती बाह्यरेषेपुरती थांबत नाही. पृष्ठभागावरील असंख्य बिंदूंची मापे घेते. तथापि डोळ्याचा पारदर्शक, ओलसर पडदा आणि केसांच्या बटा या प्रकाशावर चालणाऱ्या स्कॅनरला आजही चकवितात. तेथे संगणकाच्या पडद्यावर कोणीतरी बसून आकार दुरुस्त करतो. आणि मापे निर्दोष मिळाली तरी एकरंगी छपाईत उदाँ यांचा प्रश्न पुन्हा उभा राहतोच : बुबुळ किती खोल कोरावयाचे? हा निर्णय घेणारा माणूस मातीत मस्तकाचा अभ्यास केलेला असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. स्कॅनरच्या खरेदीबरोबर मातीकामाचे तास कमी करू पाहणाऱ्या कलाविभागांनी निदान ही बाब तपासून पाहावी.

शिवाय स्कॅनरसमोर बसण्यास व्यक्ती हयात असावी लागते. सरदार वल्लभभाई पटेल यांचे निधन १९५० मध्ये झाले. केवडिया येथील त्यांच्या १८२ मीटर उंच पुतळ्याचे अनावरण ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी झाले. त्याचे शिल्पकार राम सुतार हे धुळे जिल्ह्यातील गोंदूरचे, मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. सुतार यांनी घडविलेल्या ३० फुटी प्रतिकृतीचे स्कॅनिंग करून हा पुतळा वाढविण्यात आला. म्हणजे यंत्राने येथे पटेलांचा चेहरा वाचला नाही. शिल्पकाराने तो कसा समजून घेतला, ते वाचले. ही वाढ सुमारे २० पट होती. प्रतिकृतीत सेंटीमीटरभर चुकलेली पापणी केवडियाला वीतभर चुकली असती.