एका कामाला किती ऊर्जा? छोट्या बोर्डाच्या मोजमापाची प्रस्तावना

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या विद्यार्थ्याला मायक्रोकंट्रोलर पहिल्यांदा भेटतो तो बहुधा कॉलेजच्या लॅबमध्ये. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ साली बेळगावात स्थापन झाले. उद्यमबागेतली गोगटे इन्स्टिट्यूट त्याआधीची, १९७९ची. ८०५१ या चिपवर विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्या शिकून बाहेर पडल्या. एलईडी लुकलुकला, स्टेपर मोटर फिरली, जर्नलवर सही झाली की प्रयोग संपला. बोर्डाने ते काम किती वेळात केले आणि त्यासाठी किती वीज खाल्ली, हे विचारायचे सहसा राहून जाते. हे पुस्तक तिथूनच सुरू होते.

हे प्रश्न आपल्या भागात शेतातून येतात. वेदगंगेकाठच्या उसाला पाणी द्यायचे तर थ्री-फेज वीज ठरावीक तासच असते, आणि तीही पुष्कळदा रात्री. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ तयार करून मोबाइलवरून पंप चालू-बंद करण्याची सोय केली, ती शेतकऱ्याची रात्रीची पंपापर्यंतची पायपीट वाचवण्यासाठी. पंपाच्या पेटीला निदान तिथली लाइन मिळते. पण उसाच्या फडात मधोमध रोवलेल्या, जमिनीतली ओल मोजणाऱ्या सेन्सरला ना तार, ना प्लग. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीच्या परिसरात पर्जन्यमापक बसवायचा म्हटला, तर पावसाळ्यात आभाळ इतके भरून येते की सोलर पॅनेलवर भिस्त ठेवता येत नाही. अशा ठिकाणी यंत्राचे आयुष्य बॅटरीइतकेच.

एक हिशेब मांडून पाहू. समजा आपला बोर्ड दर १५ मिनिटांनी जागा होतो, ४ सेकंदांत ओल मोजून रेडिओवरून आकडा पाठवतो आणि पुन्हा झोपतो. जागेपणी सरासरी ८० मिलिअँपिअर आणि झोपेत १० मायक्रोअँपिअर धरले, तर एकूण सरासरी सुमारे ०.३७ मिलिअँपिअर येते. कागदावर २५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी साधारण २८५ दिवस पुरते. आता तेच काम करणारा, पण झोपेतही ५ मिलिअँपिअर घेणारा बोर्ड घ्या. सरासरी जाते ५.३ मिलिअँपिअरवर आणि बॅटरी विसाव्या दिवशी संपते. प्रोग्राम तोच, चिप तीच. फरक पडतो तो चिपभोवतीच्या भागांमुळे. स्वस्त बोर्डांवर सर्रास दिसणारा एएमएस१११७ हा व्होल्टेज रेग्युलेटर स्वतःसाठीच साधारण ५ मिलिअँपिअर घेतो. त्याशिवाय अखंड जळणारा पॉवर एलईडी आणि यूएसबीची चिप आहेच. चिपच्या डेटाशीटमधला झोपेचा आकडा खरा असतो, पण तो एकट्या चिपचा. शेतात जातो तो अख्खा बोर्ड, म्हणून मोजायचाही अख्खा बोर्डच.

हा झाला विजेचा हिशेब. वेग मोजण्याचा इतिहासही जुना आहे. १९७०च्या दशकात व्हेटस्टोन ही वेगाची चाचणी आली आणि १९८४ मध्ये राइनहोल्ड वाइकर यांनी ड्राइस्टोन लिहिला. पुढे कंपायलर हुशार झाले, चाचणीतले काही काम गाळून टाकू लागले आणि ड्राइस्टोनचे आकडे फुगत गेले. २००९ मध्ये ईईएमबीसी या संस्थेने कोअरमार्क आणला. याद्या चाळणे, मॅट्रिक्सचे गणित, स्टेट मशीन आणि सीआरसी अशी रोजच्या वापरातली कामे त्यात आहेत. चाचणी किमान १० सेकंद चालली पाहिजे, आणि कोणता कंपायलर कोणत्या पर्यायांसह वापरला ते निकालासोबत सांगितले पाहिजे, असा त्याचा नियम आहे. या क्षेत्राचा पाया या नियमात आहे. ज्या परिस्थितीत आकडा मिळाला ती नोंदवली नसेल, तर दुसऱ्याला तो पडताळता येत नाही.

वेग आणि वीज हे वेगवेगळे धडे म्हणून शिकवले जातात. माझे म्हणणे असे की प्रश्न एकच आहे: एक काम पुरे करायला किती ऊर्जा लागली? समजा, एक गणित संथ क्लॉकवर १० मिलिअँपिअर घेऊन १ सेकंदात होते आणि वेगवान क्लॉकवर २५ मिलिअँपिअर घेऊन ०.३ सेकंदात. ३.३ व्होल्टवर पहिल्याला ३३ मिलिज्यूल लागतात, दुसऱ्याला २५ हूनही थोडे कमी. जास्त करंट ओढणारा पर्याय इथे काटकसरीचा ठरला, कारण तो काम लवकर उरकून झोपी गेला. उलट सेन्सरच्या उत्तराची वाट पाहण्यातच वेळ जाणार असेल, तर वेगवान क्लॉक निव्वळ वीज खात बसतो. नुसता वेग किंवा नुसता करंट पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

मोजणीतली खरी मेख करंटच्या पल्ल्यात आहे. वरच्या उदाहरणात जाग आणि झोप यांच्यात ८००० पटींचा फरक आहे. वाटेत १ ओहमचा रेझिस्टर घातला, तर जागेपणी त्यावर ८० मिलिव्होल्ट पडतात आणि झोपेत अवघे १० मायक्रोव्होल्ट, म्हणजे साध्या मीटरला न दिसणारे. रेझिस्टर वाढवला, तर बोर्ड जागा होताच व्होल्टेज कोसळते आणि तो रीसेट होतो. मल्टिमीटर मायक्रोअँपिअरच्या रेंजवर ठेवला की नेमके हेच घडते. म्हणून झोप आणि जाग वेगवेगळी मोजावी. वेळेसाठी एक मोकळी पिन काम सुरू होताना वर आणि संपताना खाली करावी, आणि तिची रुंदी ऑसिलोस्कोपवर वाचावी. १६ मेगाहर्ट्झच्या आर्डुइनो उनोवर मायक्रोसेकंद सांगणारे फंक्शन ४-४ च्या टप्प्याने मोजते, त्यामुळे छोटे काम एकदा न करता हजारदा करून भागाकार घ्यावा. निपाणीच्या बाजारात तंबाखू घालणारा शेतकरी वजनाआधी काटा शून्यावर आहे ना ते पाहतो. प्रोब जोडण्यापूर्वी आपणही तेच पाहावे.

या क्षेत्राला महागडी लॅब लागत नाही, हे मी मनापासून सांगतो. मराठी शाळेतून येऊन इंग्रजी पुस्तकांशी झगडणाऱ्या इथल्या मुलामुलींचे इथे मनःपूर्वक स्वागत आहे. ओहमचा नियम, भागाकार आणि नीट ठेवलेली वही एवढ्या भांडवलावर सुरुवात होते. करण्याजोगे कामही भरपूर पडले आहे. सी-डॅकच्या थेजस३२ या भारतीय चिपचे एरीज बोर्ड आपल्या गरजेच्या कामांवर पारखता येतील. खानापूरच्या पावसात आणि निपाणीच्या उन्हाळ्यात एकाच बोर्डाचा बॅटरीखर्च ताडून पाहता येईल. उद्यमबागेतल्या कारखान्यांत यंत्रांवर बसवलेल्या सेन्सरांचा हिशेबही मांडता येईल.

तेव्हा पुढचे प्रकरण उघडण्यापूर्वी हाताशी असलेला बोर्ड घ्या. त्यात एकही प्रोग्राम न चालवता तो किती करंट घेतो ते मोजा, आणि शेजारी तारीख, व्होल्टेज, तापमान, मीटरची रेंज लिहा. मग वही मित्राच्या हाती देऊन त्याला तेच मोजायला सांगा. दोघांचे आकडे जुळले तर पुढे चला. जुळले नाहीत, तर फरक कुठून आला ते आधी शोधा.