बोर्डी-कोसबाडचा प्रयोग आणि शिक्षिकेचा अधिकार

१८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षकांविषयी एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. शेतकरीवर्गाच्या मुलांना शिकवावयाचे तर शिक्षकही शक्यतो त्याच वर्गातून तयार करावेत. असा शिक्षक त्या लोकांत मोकळेपणाने मिसळेल व त्यांच्या गरजा जाणेल. धार्मिक पूर्वग्रहांमुळे अलिप्त राहणाऱ्या शिक्षकास ते साधत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. शिक्षकाचा वर्गावरील अधिकार त्याच्या विद्वत्तेतून किंवा छडीतून नव्हे, तर मुलांशी असलेल्या त्याच्या संबंधातून निर्माण होतो, हे यात गृहीतच आहे. परंतु शिक्षक त्या वर्गातला नसेल, तर असा संबंध जोडण्यास त्याला शिकविता येईल काय, हा प्रश्न पुढे उरला. महाराष्ट्रात त्याचे उत्तर ज्यांनी चिकाटीने शोधले, त्यांत ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांचा विचार आधी करावा लागतो.

ताराबाई १९२३ साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या सहकारी झाल्या. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीला भारतीय रूप देण्याचे कार्य तेथे चालू होते. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि पुढे १९३६ साली दादर येथे शिशुविहार निघाले. मात्र हे सर्व कार्य बव्हंशी शहरी मध्यमवर्गाच्या मुलांपुरते होते. छडीवाचून वर्ग चालविणे तेथे अवघड असले, तरी शिक्षिका आणि मूल एकाच प्रकारच्या घरांतून आलेली होती, ही सोय दुर्लक्षून चालणार नाही.

१९४५ साली त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या किनाऱ्यावरील गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले, तेव्हा ही सोय संपली. अनुताई याच वर्षी तेथे आल्या. पुण्याच्या हुजूरपागेत अनेक वर्षे अध्यापन केलेली ही अनुभवी शिक्षिका येथे नव्याने उमेदवारी करू लागली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. गावातील दलित व आदिवासी वस्त्यांतील मुले बालवाडीत येईनात. तेव्हा मुलांना बोलावीत बसण्याऐवजी शिक्षिकांनीच वस्तीत जावयाचे ठरले. झोपडीपुढचे अंगण हाच वर्ग झाला. शिंपले, खडे, बिया, पाने ही साधने झाली. मुलांना न्हाऊ घालणे, केस विंचरणे हेही शिक्षिकेचेच काम ठरले. अस्पृश्यता पाळणाऱ्या समाजात शिक्षिकेने त्या मुलाच्या मस्तकास हात लावणे यात केवढा अर्थ सामावला होता, हे निराळे सांगावयास नको.

‘अंगणवाडी’ हा शब्द याच प्रयोगातून रूढ झाला. ‘वाडी’ म्हणजे बाग आणि ‘वाडी’ म्हणजे छोटी वस्ती, असे दोन्ही अर्थ कोकणपट्टीत नांदतात. ‘बालवाडी’त पहिला अर्थ प्रबळ आहे, ‘अंगणवाडी’त दुसराही जागा होतो. ‘शाळा’ म्हणजे मुळात घर, दालन. तेथे मुलाने जावयाचे असते. नव्या शब्दाने ही दिशाच उलटी केली.

दुसरी अडचण भाषेची होती. ग्रीअर्सन यांनी भाषिक सर्वेक्षणात वारली बोलीची गणना मराठीच्या बोलींत केली आहे. परंतु वर्गीकरणातील जवळीक पाच वर्षांच्या मुलाच्या उपयोगी पडत नाही. घरची बोली आणि पुस्तकातील भाषा यांत अंतर पडले की ते मूल मंद समजले जाते. वस्तुतः मंदपणा ऐकणाराच्या कानात असतो. शिवाय १९४५ हेच वारल्यांच्या वेठबिगारीविरोधी लढ्याचे वर्ष. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली तो त्याच परिसरात पेटला होता. ज्यांना प्रमाण भाषेचा परिचय मुख्यतः हुकमाच्या रूपाने झाला, त्यांच्या मुलांनी त्याच भाषेत बोलणाऱ्या बाईंपासून दूर पळावे, यात नवल ते काय?

१९५६-५७ च्या सुमारास केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांची एकत्र मांडणी असलेली ‘विकासवाडी’ तेथे आकारास आली. धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी त्याला पाळणाघरात ठेवून शेजारच्या वर्गात बसू शकली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मूल का येत नाही, याचे कारण त्याच्या घरच्या कामात शोधावयाचे, त्याच्या स्वभावात नव्हे, ही दृष्टी ग्रामीण बालसेविकांना येथे प्रत्यक्ष कामातून मिळे. प्रशिक्षणाचे सार व्याख्यानापेक्षा या सवयीत अधिक होते. मात्र मुलांच्या बोलीचा तपशीलवार अभ्यास प्रशिक्षणाचा पाया झाला नाही, ही उणीव नोंदविलीच पाहिजे. शिक्षिकेची सहानुभूती ही शब्दसंग्रहाची जागा घेऊ शकत नाही.

ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९७५ साली, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव दिले. नाव देशभर गेले. पण आहार, आरोग्य व नोंदी यांच्या कामाखाली अध्यापनाचा भाग पुष्कळ ठिकाणी दबला. सेविकेला मिळणाऱ्या मोबदल्यास ‘वेतन’ न म्हणता ‘मानधन’ म्हणण्यात आले. हा शब्द दिसण्यात आदराचा आहे. व्यवहारात त्याने सेविकेस कर्मचाऱ्याच्या हक्कांबाहेर ठेवले. या सेविका व मदतनीस उपदानास पात्र आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २०२२ साली.