बेताच्या पैशांतला संगणक

सानगडीतील एखादा विद्यार्थी आज सुटे भाग आणून टेबलावरचा संगणक जुळवू म्हणेल, तर त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहील : पैसा कोठे घालावयाचा आणि हात कोठे आखडावयाचा? हा प्रश्न नवा नव्हे. १९८८ साली पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅकपुढेही तोच होता. आणि तो सोडविण्याचे काम ज्यांच्याकडे आले ते डॉ. विजय भटकर विदर्भातलेच, अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे.

अमेरिकेचा क्रे महासंगणक भारताला मिळाला तो हवामानाच्या अंदाजापुरता, आणि तोही बंधने घालून. तेव्हा तीन वर्षांत, सुमारे ३० कोटी रुपयांत, आपला महासंगणक उभारावयाचा होता. स्वतःचा प्रोसेसर घडविण्यास ना वेळ होता, ना पैसा. म्हणून ब्रिटनच्या इनमॉस कंपनीची ट्रान्सप्युटर ही विकत मिळणारी चिप निवडली गेली. एकटीची ताकद बेताची. पण शेजारच्या चिपांशी जोडण्याचे चार दुवे तिच्या अंगचेच. मोठे काम तोडून अशा अनेक चिपांत वाटता येई. ही वाटणी करणाऱ्या आज्ञावलीवर मंडळींनी आपली मेहनत खर्च केली, आणि १९९१ साली ‘परम ८०००’ उभा राहिला.

आमच्या विद्यार्थ्यानेही आधी काम ठरवावे, मग भाग. लेखन-हिशेबाला महागडे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. पण एसएमपीएस हलका घेतला तर बाकीचे भाग धोक्यात येतात. मदरबोर्ड मात्र पुढे रॅम वाढविता येईल असा घ्यावा.

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरेच. पुण्याच्या मंडळींनी तुकड्याला तुकडा जोडून अंथरूणच वाढविले.