पियानोचा उगम आणि घरासाठी पियानोची निवड

पियानो घेण्यापूर्वी तो मुळात कशासाठी बनवला गेला हे पाहू. 17व्या शतकात युरोपात हार्पसिकॉर्ड वाजत असे. त्यात पट्टी दाबली की पिसाच्या देठाचा तुकडा तार छेडतो. बोट हळू दाबा किंवा जोरात, आवाज जवळजवळ तेवढाच. क्लॅव्हिकॉर्डमध्ये आवाज कमीजास्त करता येई, पण तो फारच क्षीण असे.

ही अडचण फ्लॉरेन्सच्या मेदिची दरबारातील वाद्यकारागीर बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने सोडवली. त्याच्या नव्या वाद्याची नोंद 1700 च्या दरबारी यादीत आहे. त्याने तारेवर हातोडीचा आघात केला. पण हातोडी तारेला टेकून राहिली तर नाद दबतो. म्हणून आघाताच्या किंचित आधी ती पट्टीच्या पकडीतून सुटते आणि आघातानंतर मागे पडते. ही सुटण्याची यंत्रणा हाच खरा शोध. पुढे 1825 मध्ये बोस्टनच्या अल्फियस बॅबकॉकने ओतीव लोखंडी चौकटीचे पेटंट घेतले. आजच्या मोठ्या पियानोत अशी चौकट तारांचा सुमारे 20 टन ताण पेलते.

आता निवड. जुना पियानो घेताना नुसत्या पॉलिशवर भुलू नका. खुंट्या ज्या लाकडात बसतात ते तडकले असेल तर सूर टिकत नाही आणि दुरुस्ती महाग पडते. सोबत जाणकार न्या. डिजिटल घेणार असाल तर 88 वजनदार पट्ट्या आहेत का ते पाहा. दोन्हींसाठी परीक्षा एकच: तीच पट्टी आधी अलगद, मग जोरात दाबा. फरक स्पष्ट ऐकू आला नाही तर ते वाद्य घेऊ नका; क्रिस्तोफोरीने जे साधले तेच त्यात नाही.